झेफिरोलचा दोरा

॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

भटवाडी, घाटकोपर (प.)
८ नोव्हेंबर २०२३

चि. लवू भावजींना शेवंतीचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या कानांना फोन चालत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅप बघायचं तर तुम्हाला वाडी सोडून घाटीवर चढावं लागतं, म्हणून हे पत्र. पोस्टातली मुलगी मला म्हणते, "काकी, अजून पत्रं कोण लिहितं?" मी म्हटलं, "ज्याच्याकडे सांगण्यासारखं असतं, तो."

आणि आज खरंच सांगण्यासारखं आहे. माघी गणपतीला मुलुंडच्या हॉलमध्ये आमच्या सातेरी महिला भजन मंडळाला डबलबारी मिळाली! एक बारी आमची, एक बोरिवलीच्या सुबोध बुवांची, समोरासमोर. पुरुषांच्या मंडळासमोर आम्हा बायकांना पहिल्यांदाच बसवतायत. पेटीवर मी. पत्रिकेत 'शेवंती बुवा' छापणार म्हणे. हे हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, "आता घरात बुवा कोण नि बाई कोण ते एकदा ठरवूया."

पण भावजी, पेटीची वाट लागली आहे. कान गेल्यावर तुम्ही ती माझ्या हवाली केलीत तेव्हा कशी घुमायची! आता भाता कितीही मारा, हवा कुठेतरी पळते. चार ओळी झाल्या की सूर बसतो. हर्षद म्हणतो, "आई, सांताक्रूझला एक दुकानदार जुनी पेटी घेऊन नवी देतो. हलकी, चकाचक. ह्या धुडाचं काय करायचंय?" जुनीचं तो दुकानदार काय करतो, विचारलं. आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या काढून घेतो आणि लाकूड मोडीत. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून गोरेगावच्या धोंडू मेस्त्रींना बोलावलं. जुन्या पेट्या तेच दुरुस्त करतात. त्यांनी कान लावून सांगितलं, हवा डाव्या बाजूच्या पांढऱ्या खुंटीपाशी पळते. खुंटीवर इंग्रजीत 'झेफिरोल' कोरलंय. "वहिनी, आयुष्यभर पेट्या उघडतोय, हा शब्द कधी वाचला नाही. काय असतं हे?" मला तरी कुठे ठाऊक? हे म्हणतात, पेटीचं काय ते लवूलाच विचार. पण तो शब्द मी ऐकलेला आहे. लग्नानंतर मुंबईला निघाले, तेव्हा एस. टी. सुटताना सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "शेवंतीचं बघा झेफिरोल लागलं!" मला वाटलं, पदराची पिन सुटली. कुडाळपासून पनवेलपर्यंत चाचपत आले. इतकी वर्षं विचारायचा धीर झाला नाही.

मेस्त्री म्हणाले, ती खुंटी काढल्याशिवाय आत बघता येत नाही, आणि खुंटी काढायची तर तिला बांधलेला काळा दोरा कापायला हवा. मी त्यांचा हात धरला. नवसाचा दोरा असा कुणी कापतं का? दर दसऱ्याला आणि पाडव्याला मी पेटीची पूजा करते, तेव्हा त्या दोऱ्याला वेगळं हळदकुंकू आणि अक्षता वाहते. कधी चुकवलं नाही.

तर भावजी, नवस कुठल्या देवाचा, आणि झेफिरोल म्हणजे काय, ते कळवा. माघी गणपतीपर्यंत पेटी वाजली नाही तर ती सांताक्रूझला जाईल. हर्षदने दुकानदाराला तसा शब्द दिलाय.

हे बरे आहेत. अक्षता सूनबाई नमस्कार सांगते.

तुमची,
शेवंतीवहिनी


खालची वाडी, ता. कुडाळ
२० नोव्हेंबर २०२३

सौ. वहिनीस लवूचा नमस्कार.

पत्र पोचलं. बारी मिळाली, छान झालं.

झेफिरोल हे कंपनीचं नाव आहे, बाकी काही नाही. कंपनी कधीच बंद पडली. तो दोरा तसाच असू दे, सोडू नकोस. पेटी जुनी झाली. हर्षद म्हणतो तशी देऊन टाका आणि नवी घ्या. नवीवर हात हलका पडतो, तुला बरं वाटेल.

काजूला मोहर यायला अजून वेळ आहे. दादाला सांग, विहिरीचं पाणी यंदा चांगलं आहे.

लवू


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

घाटकोपर
२ डिसेंबर २०२३

चि. लवू भावजींना आशीर्वाद.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मग ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "लवूनं एवढं थोडं कधी लिहिलं होतं का? विहिरीबद्दल जास्त आणि पेटीबद्दल कमी?" माझ्याही मनात तेच आलं.

भावजी, तुम्ही घाबरलायत. नवस मोठा असणार, आणि फेडायचा राहिला असणार. म्हणूनच देवाचं नाव लिहीत नाही. माझं ऐका, असं दडवून ठेवल्याने नवस जात नाही. नाहीतर तुमच्या बाबांची पेटी 'देऊन टाका' असं तुमच्या हातून कसं लिहिलं जाईल? शाळेत असताना ह्याच पेटीसाठी तुम्ही दोन दिवस जेवला नव्हतात, हे मला सासूबाईंनीच सांगितलंय.

काय करायचं ते मी ठरवलंय. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तुम्ही सातेरीच्या देवळात जायचं. गुरवाला देवीला फुलं लावून कौल घ्यायला सांगायचं, की दोरा सोडू की नको. उजवं फूल पडलं तर सोडायचा. डावं पडलं तर मी स्वतः पेटी रिक्षात घालून सांताक्रूझला नेऊन देते, पुन्हा नाव काढणार नाही. गाऱ्हाणं कसं घालायचं ते लिहून पाठवते, गुरवाला असंच्या असं म्हणायला सांगा:

"बा देवी सातेरी माये, तुझी लेकरा घाटकोपराक आसत, पण तुझीच आसत. लवूच्या पेटीक दोरो बांधलेलो आसा. तो कसल्या नवसाचो, कोणाचो, ता आमका ठावक नाय. काय चुकला-माकला आसात ता पदरात घे, नवस मानून घे, नि पेटी वाजती कर, गे माये!"

आणि वाडीने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. नुसतं पुटपुटायचं नाही.

आमच्याकडे तालीम चालू आहे. पेटी बसली की गंधाली पखवाज थांबवते आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघतात. गंधाली म्हणजे वरच्या मजल्यावरच्या प्रभूंची मुलगी. बँकेत असते, पण हात असा पडतो की खालच्या घरातले पंखा बंद करून ऐकतात. काल ती म्हणाली, "काकी, सुबोध बुवांना आपण झकास टक्कर देऊ, पण ही पेटी अर्ध्यात दम सोडते यार." सुबोध बुवांपर्यंतही बातमी गेली आहे. ते कुणाला तरी म्हणाले म्हणे, "बायकांची पेटी दमेकरी आहे, मध्ये मध्ये पाणी विचारा."

कौल काय आला ते लगेच लिहा.

शेवंतीवहिनी


खालची वाडी
१९ डिसेंबर २०२३

सौ. वहिनीस नमस्कार.

गुरुवारी देवळात गेलो. तुझा कागद गुरवाला दिला. अर्धी वाडी जमली होती, कारण तुझं गाऱ्हाणं गुरवाने आदल्या दिवशीच सगळ्यांना वाचून दाखवलं होतं.

मला आता तोंड बघून बरंच कळतं. देवीला फुलं लावण्याआधी गुरव माझ्याकडे वळून म्हणाला, "लवू, नवस कोणी केल्लो? काय मागून? देवीक सांगाक नको?"

 तुला पत्रात गप्प राहून फसवता येतं, पण देवीसमोर उभं राहून काय सांगू? मी गुरवाला म्हटलं, फुलं लावू नकोस, कौल नको. आणि घरी आलो. वाडीतली माणसं अजून विचारतात.

वहिनी, नवस नाही. कधीच नव्हता. तो माझ्या चष्म्याचा दोरा आहे. सहा वर्षं तू माझ्या चष्म्याच्या दोऱ्याला हळदकुंकू वाहिलंस.

आता सगळं सांगतो. झेफिरोल हे त्या यंत्राला बनवणाऱ्याने दिलेलं नाव. कुठल्या भाषेतलं, कशावरून, मला माहीत नाही, बाबांनाही नव्हतं. पण ते काय करतं ते आपल्या घरात पेटीजवळ बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. आत चामड्याच्या बिजागरीवर एक पातळ झडप आहे. खुंटी ओढली की भात्यातली थोडी हवा त्या झडपेला फडफडवत मागच्या भोकातून बाहेर पडते, आणि सूर कापरा होतो. रडू आवरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज होतो ना, तसा. म्हणून बाबा मला भजनात म्हणायचे, "लवू, झेफिरोल दे." नि मग "सोड." पुढे तो शब्द पेटीबाहेर आला. कुणाचा गळा दाटून आला की आई म्हणायची, ह्याचं झेफिरोल लागलं. तुझ्या एस. टी.च्या वेळी ती तेच म्हणाली. तू रडत नव्हतीस, पण "येते" म्हणताना तुझा आवाज कापला होता. मीही तिथेच होतो. तुझी पिन शाबूत होती.

दोऱ्याचं आता. डोंबिवलीच्या बारीत एका गजराला मी झेफिरोल दिलं, आणि सोडलं. सोडलं असं मला वाटलं. ते पुढचा अख्खा अभंग चालूच राहिलं. मला ऐकू आलं नाही. समोरची पोरं हसू दाबताना दिसली, म्हणून खाली बघितलं तर खुंटी बाहेर. घरी येऊन पहिला हाताशी आला तो दोरा घेतला आणि खुंटी आत ढकलून बांधून टाकली. मग पेटी तुला दिली. तू देवाचं म्हणून जपलंस, म्हणून मी बोललो नाही. आणि मला वाटत होतं, दोरा सुटला, पेटी कुणी वाजवली, झेफिरोल दिलं, तरी मला आता ते कळणार नाही. मग कशाला?

पण देवीने काही न सांगता सांगितलं. दोरा काप. मेस्त्रींना बोलाव.

लवू


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

घाटकोपर
१ जानेवारी २०२४

चि. लवू भावजींना आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून मी आधी देव्हाऱ्यासमोर बसून घेतलं. मग हसू आलं ते थांबेना. चष्म्याचा दोरा! हे म्हणाले, "म्हणूनच तुझी नजर एवढी तीक्ष्ण राहिली." तुम्ही डोंबिवलीचं लिहिलंत, ते वाचताना मात्र हे उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ कुंड्यांना पाणी घालत होते. कुंड्या दोनच आहेत.

आता ऐका. धोंडू मेस्त्री आले. मी देवाला दिवा लावला आणि दोरा कापला नाही, गाठ सोडवली. चांगला दोरा आहे, कापायचा कशाला? मेस्त्रींनी खुंटी काढली, बाजूची फळी सरकवली, बॅटरी धरली आणि म्हणाले, "वहिनी, पेटीत पूजा मांडली होतीत काय?"

आत पिवळं-लाल सगळं! हळद, कुंकू, आणि झडपेच्या बरोब्बर कडेला खुंटीच्या फटीतून घसरलेले अक्षतांचे दाणे. दमटपणाने कुंकवाचा चिखल होऊन घट्ट बसलेले. त्यांच्यामुळे झडप पूर्ण मिटत नव्हती आणि भात्यातली हवा तिथून पळत होती. म्हणजे बघा भावजी, पेटी जिच्यामुळे दम सोडत होती ती दुसरी तिसरी कोणी नाही, तुमची वहिनीच. दर सणाला भक्तिभावाने तिच्या नाकात तांदूळ घालत होते!

हर्षद तर जमिनीवर लोळायचा बाकी होता. "आई, देवीनं नवस नाही, अक्षता परत केल्या." मी म्हटलं, "बरं झालं. प्रसाद म्हणून तुझ्याच भातात घालते."

मेस्त्रींनी रंगाच्या ब्रशने सगळं साफ केलं, सायकलच्या पंपाने हवा मारली, चामड्याला खोबरेल लावलं. आणि भाता मारला. भावजी! पहिला सा लावला आणि भांड्याच्या फळीवरची ताटं वाजली. अक्षता स्वयंपाकघरातून पोळीचं लाटणं घेऊन धावत बाहेर आली. हर्षद हसायचा थांबला. बूट घालून ऑफिसला गेला, आणि संध्याकाळी आल्यावर म्हणाला, "सांताक्रूझवाल्याला फोन केला. नको म्हणून सांगितलं."

पेटी राहिली. घरातच राहिली!

पण एक अडचण आहे. झेफिरोल मला जमत नाही. खुंटी ओढली की पेटी बकरीसारखी बें बें करते. अक्षता म्हणते, "आई, हे रडणं नाही, हे कुर्बानीच्या आदल्या दिवशीचं आहे." मंडळातल्या बायका तोंडाला पदर लावतात. कधी द्यायचं, किती द्यायचं, कुठे सोडायचं, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? बारीला सुबोध बुवांसमोर मी बकरी नेऊ का?

शेवंतीवहिनी


खालची वाडी
१५ जानेवारी २०२४, संक्रांत

सौ. वहिनीस नमस्कार.

तीळगूळ घे. अक्षतांचं वाचून मी एकटाच एवढा हसलो की शेजारचा राजाराम बघायला आला, म्हाताऱ्याला काय झालं. त्याला सांगितलं. आता वाडीत तुझं नाव अक्षताकाकी पडलंय. सूनबाईला सांग, तिचा हक्क गेला.

आता शिक. खुंटी पूर्ण ओढायची नाही, अर्धीच. पूर्ण ओढली की बकरी होते, माझ्याही पहिल्या वर्षी झाली होती. अभंगात द्यायचं नाही. अभंग सरळ गायचा, त्याला रडवायचं नाही. गजरातही सुरुवातीला नाही. सगळे उभे राहतात, टाळ चढतात, कोरस देवाचं नाव वर नेऊन ठेवतो आणि मग एकदम खाली, हळू येतो, तिथे. त्या खालच्या ओळीला फक्त. आणि ओळ संपायच्या आधी सोडायचं. लोकांना वाटलं पाहिजे, काय झालं हे? आणि पुन्हा हवं असं वाटतानाच ते गेलेलं असलं पाहिजे. बाबा म्हणायचे, झेफिरोल मिठासारखं नाही, कापरासारखं आहे.

अर्धं म्हणजे किती, हे बोटाला कळत नाही. त्यासाठी एक खूण सांगतो, ती बाबांची. पेटीच्या मागे, त्या भोकाजवळ उदबत्ती लावून ठेव. नुसती पेटी वाजत असेल तर धूर सरळ दोरीसारखा वर जातो. झेफिरोल बरोबर लागलं की धुरात गाठी पडतात, सारख्या अंतराने, मण्यांच्या माळेसारख्या. जास्त ओढलंस तर धूर फाटतो. गाठी पडल्या तिथे बोट थांबव. पंखा मात्र बंद हवा.

बारीला मी येत नाही. बहिऱ्याने भजनाला जाऊन काय करायचं? टाळ्या कधी वाजवायच्या ते शेजाऱ्याकडे बघून ठरवावं लागतं. तू वाजव. मला पत्रातून कळव.

लवू


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

घाटकोपर
२४ जानेवारी २०२४

चि. लवू भावजींना आशीर्वाद.

गाठी पडल्या! पंखा बंद, दारं बंद, सगळ्या घामाघूम, गंधाली ऑफिसच्या कपड्यांत, आणि मी एका डोळ्याने काळी पाच आणि एका डोळ्याने धूर बघत्येय. पहिल्यांदा फाटला, पुन्हा फाटला, आणि मग अशा सुरेख गाठी पडल्या की आम्ही गायचंच विसरलो. सूर कसा आला हे मला लिहिता येणार नाही. दाराबाहेर शेजारच्या काकू उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "कुणाला काही झालं का?" म्हणजे बरोबर लागलं.

भावजी, एक सांगते. धूर दिसायला कान लागत नाहीत. तुम्ही ऐकायला येऊ नका. बघायला या.

वाडीतून राजारामचा जावई गाडी घेऊन मुलुंडला येणार आहे, हे मला तुमच्या आधी कळलंय. त्याला सांगून ठेवलंय, पुढची सीट रिकामी ठेव.

शेवंतीवहिनी


॥ श्री देवी सातेरी प्रसन्न ॥

घाटकोपर
१६ फेब्रुवारी २०२४

चि. लवू भावजींना शेवंतीचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुम्ही आलात, पहिल्या रांगेत बसलात, आणि जावयाची गाडी उभी म्हणून हॉलवरूनच परत गेलात. माझ्या हातचा चहासुद्धा घेतला नाहीत. तुम्हाला वाटलं असेल, सगळं बघून झालं. पण माईकआड तोंडं दिसत नाहीत, म्हणून तिथे जे बोललं गेलं त्यातलं तुम्हाला काहीच कळलेलं नाही, आणि एके ठिकाणी तर तुम्ही भलतंच समजलात. म्हणून सगळं सांगते.

सुबोध बुवांची बारी आधी झाली. चांगले गायले, खोटं का बोलू? शेवटी माझ्याकडे बघून त्यांनी टोमणा गायला, की आजीबाई पेटी घेऊन आल्यात की पेटी आजीबाईंना घेऊन आली. हॉल हसला. तेव्हा तुम्हीही शेजाऱ्याकडे बघून हसलात. मी ते बघितलं. माफ केलं.

मग आमची वेळ. मी उदबत्ती लावली आणि माईकवर म्हटलं, मंचावरचे पंखे बंद करा. एक कार्यकर्ता म्हणाला, "काकू, गरम होतंय ना!" मी म्हटलं, "बाळा, थंडीच्या दिवसांत गरम होतंय, म्हणजे बारी रंगली." गंधालीने पखवाजावर थाप दिली आणि आम्ही सुरू झालो. अभंग सरळ गायला, तुम्ही लिहिलंत तसा. पेटी अशी भरून वाजत होती की सुबोध बुवांचा पखवाजवाला मान लांब करून भात्याकडे बघत होता, आत दुसरा भाता आहे की काय!

मग गजर. सगळ्या उभ्या राहिल्या, टाळ चढले, सातेरीचं नाव वर गेलं, आणि खाली आलं. मी खुंटी ओढली. आणि भावजी, घाबरले मी. घरी बसलेली जागा बोटाला सापडेना. धूर फाटला. वाटलं, आता बकरी ओरडणार. तेवढ्यात समोर बघितलं तर तुमचा हात. पहिल्या रांगेत, गुडघ्याशी, कुणाला दिसणार नाही असा. दोन बोटं जवळ आणत होतात. कमी. आणखी कमी. थांब.

धुरात गाठी पडल्या.

तुम्ही ते बघितलंत. पण आवाज तुम्हाला मी सांगते. हॉलमधली पोरं धावत होती ती उभी राहिली. मागे वडापाव घेऊन आलेली माणसं दारातच थबकली. आमचा कोरस गात होता तो आपोआप हळू झाला, कुणी सांगितलं नाही. आणि तुमच्या हाताची मूठ मिटली तेव्हा मी सोडलं. ओळ संपायच्या आधी. पुन्हा हवं असं वाटतानाच. आणि मग असा गलका झाला की मंचाची फळी हलली. तो गलका तुम्हाला पायांतून तरी कळला असेल.

आता ते भलतं समजलात त्याचं. सुबोध बुवा आपल्या जागेवरून उठले आणि तुमच्याकडे बघून हात जोडून काहीतरी बोलले. तुम्ही घाईने खुर्ची सोडून उभे राहिलात आणि बाजूला सरकलात. तुम्हाला वाटलं, पाहुण्यांसाठी जागा मागतायत. तसं नव्हतं हो भावजी. सुबोध बुवा माईकवर म्हणाले:

"मी मघाशी पेटीला हसलो, तो शब्द मागे घेतो. ही लवू बुवांची पेटी. लहानपणी मी वडिलांच्या मांडीवर बसून हिला ऐकलंय, आणि हा आवाज पुन्हा कुठल्या पेटीत सापडला नाही. मला वाटत होतं, तो बुवांच्या गळ्यातच होता. बुवा, तुम्ही आज तिथे खाली बसून वाजवलंत. मी बघितला तुमचा हात."

अख्खा हॉल उभा होता, तुमच्यासाठी. आणि तुम्ही खुर्ची पुसून मागे सरकवून देत होतात!

मग त्यांनी मला विचारलं, "शेवंती बुवा, ह्याला म्हणतात काय?" मी माईक घेतला आणि सांगितलं, "झेफिरोल." अर्थ विचारला. मी म्हटलं, "कंपनीला विचारलंत तर कंपनी बंद झालीय. माझ्या सासूबाईंना विचारलं असतंत तर त्या म्हणाल्या असत्या, आता तुम्हा सगळ्यांना लागलंय ते." लोक डोळे पुसता पुसता हसले. तेव्हापासून भटवाडीत तो शब्द मोकाट सुटलाय. काल गंधालीचा अधिकारी तिला रजा देईना, तर ती म्हणाली, "काकी, असं झेफिरोल दिलं की दोन दिवस जास्त मिळाले." हर्षद नव्या पेटीचं नाव काढत नाही. ज्याला त्याला आमच्या पेटीचा व्हिडिओ दाखवत फिरतो, जशी काही त्यानेच वाचवली. वाचवू दे. श्रावणात सुबोध बुवांनी आम्हाला बोरिवलीला बोलावलंय, आणि पत्रिकेवर तुमचं नाव माझ्या नावाच्या वर घालायचंय असं मुद्दाम सांगितलंय.

आता येत नाही म्हणाल, ते चालणार नाही. कारण तो चष्म्याचा दोरा मी फेकला नाही. धुऊन देव्हाऱ्यात सातेरीच्या तसबिरीला बांधलाय, आणि बांधताना बोलून बसलेय, की दर बारीला पहिल्या रांगेत लवू भावजी बसतील आणि उदबत्ती तेच लावतील. आधी नवसाचा नव्हता, आता आहे.

नवस माझा. फेडायचा तुम्ही.

तुमची,
शेवंतीवहिनी